खोटी पेशंट, खरी आत्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला तीनदा कॅन्सर झाला. एकदा सकाळी, दोनदा जेवल्यावर.

पहिला पोरगा सांगता सांगता स्वतःच घामाने भिजला. मीच म्हटलं, "डॉक्टर, पाणी प्या ना." दुसरी पाठ करून आलेली. माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत म्हणाली, "मी तुमच्या भावना समजू शकते." मी विचारलं, "कुठल्या?" झालं! गाडी बंद. तिसरा यज्ञेश. लांबुडका, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. बसला आणि पहिलंच वाक्य, "काळजी करू नका." अरे, अजून काही सांगितलंच नाहीस, कशाची काळजी करू नको? मी डोळे फिरवले आणि खुर्चीतून सरकत खाली. बेशुद्ध! काय आजार, काय बोलायचं ते लिहिलेलं कार्ड देतात, त्यावर हे नव्हतं, माझ्या मनाचं. यज्ञेश पळाला. मला वाटलं फाटली. एक डोळा किलकिला करून बघतेय तर हा बाटली घेऊन परत, आणि अख्खी माझ्या तोंडावर ओतली.

किर्ती मॅडम काचेमागून बघत होत्या. आत आल्या. मला म्हणाल्या, "शलाका, तुला पेशंट व्हायला ठेवलंय, सर्कशीत नाही." आणि त्याला, "बेशुद्ध माणसाच्या तोंडावर पाणी? चौथ्या वर्षाला आहेस ना रे तू?"

दोघंपण खाली माना. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणतो, "पाणी गार होतं ना?" म्हणजे येड्याला कळलं होतं मी नाटक करतेय!

घरी अजून कोणाला माझं काम पटत नाही. आई शेजारच्या काकूंना सांगते, "शलाका मेडिकल कॉलेजात लागलीय." काय म्हणून लागलीय ते गिळून टाकते. खोटी पेशंट म्हणून लागलीय हो! डॉक्टर होणाऱ्या पोरांना पेशंटशी बोलायचं कसं ते शिकवायला. खऱ्या माणसाला पहिल्यांदा वाईट बातमी सांगताना चुकण्यापेक्षा माझ्यावर चुका. मी काय, संध्याकाळी बरी होते.

४ फेब्रुवारी

नोकरी कशी लागली ते आठवून आज बसल्या बसल्या हसू आलं.

बारावी दुसऱ्या झटक्यात. मग उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ड्रेस मटेरियलच्या दुकानात. शेठ दिवसभर, "बेटा, बैठना नहीं, ग्राहक देखता है." चार दिवस सुट्टी हवी होती, म्हणून बदलापूरच्या पुढच्या या कॉलेजच्या ओपीडीत गेले. आजारी असल्याचं सर्टिफिकेट काढायला. पोट धरलं, वाकले, घाम दिसावा म्हणून बाथरूममध्ये कपाळाला पाणी लावून आले. शिकाऊ डॉक्टर इतका घाबरला की अपेंडिक्स म्हणून भरतीच करायला निघाला!

तेवढ्यात किर्ती मॅडम. शांत. माझ्या पोटावर हात ठेवून गप्पा मारायला लागल्या. कुठे राहतेस, अंबरनाथ पश्चिमेला का, तिकडे भाज्या महाग झाल्यात का. मी म्हटलं कोथिंबिरीचं तर विचारूच नका. बोलता बोलता त्यांनी चांगलं खोल दाबलं. आणि मी ओरडायचंच विसरले!

"सर्टिफिकेट देत नाही," म्हणाल्या. "नोकरी देते."

नंतर त्यांनीच सांगितलं, ती जुनी युक्ती आहे. दुखणं खरं असेल तर कोथिंबिरीच्या भावात विसरत नाही. दुसरी पण सांगितली. पेशंटचा श्वास मोजायचा असला तर त्याला सांगायचं नाही, तो लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मनगट धरून नाडी मोजल्यासारखं करायचं आणि छातीकडे बघायचं. म्हणजे डॉक्टर लोकपण झोल करतात! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्या आमच्याकडे आलीय. डोकं ठिकाणावर नाही. सरळ लिहिते.

बनूआत्या. बाबांची मोठी बहीण. बदलापूरच्या पलीकडे गावात राहते. दोन म्हशी, थोडं शेत आणि सोमा, तिचा मुलगा. सोमादादाचं लग्न मे महिन्यात आहे. आत्याच्या छातीत गाठ होती. किती दिवस होती देव जाणे, ब्लाउज आवळ होतोय म्हणाली तेव्हा कळलं. उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये सुई घालून तुकडा काढला होता. आज त्याचा रिपोर्ट.

सर्जनने आत्याला बाहेर बाकावर बसवलं आणि बाबांना आत घेतलं. बाबांना सांगितलं. कॅन्सर. पंधरा दिवसांत ऑपरेशन करू, आत्ता केलं तर चांगली होण्याचे चान्स चांगले आहेत, थांबलात तर पसरेल.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात मीटिंग. बाबा, आई, सोमादादा, मी. दार लोटलेलं. बाबा म्हणाले, "तायला काय सांगायचं नाही. साधी गाठ आहे, दुधाची, एवढंच. तिने नाव ऐकलं ना, तर ऑपरेशनच्या आधीच मरेल." आईने मान हलवली. सोमादादा भिंतीकडे बघत होता.

मी म्हटलं, "पण—"

"तू तर तोंडच उघडू नको," बाबा म्हणाले. "तुझी मस्करी घरात एक दिवस बंद."

बाहेरच्या खोलीत आत्या वाल सोलत बसली होती. तिथूनच ओरडली, "कैलास, अरे च्या करताव का सभा भरवलीव?"

८ फेब्रुवारी, रविवार

लोचा झाला. मोठा.

बाबांनी आत्याला सांगितलं, "ताय, साधी गाठ आहे. काढून टाकू." तर आत्या म्हणते, "साधी हाय ना? मंग घाय कसाची? सोमाचा लगीन होऊ दे. हलदीला आई खाटंवर, पोरीकडची मान्सा काय बोलतील? पावसाल्याआधी काढू."

बाबा म्हणाले, "नको, आत्ताच काढू."

"का? साधी हाय ना?"

आता बोला!

बाबांनी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, मी छताकडे. आपणच विणलेल्या जाळ्यात आपणच. खरं सांगितलं तर घाबरेल म्हणून खोटं सांगितलं, आणि खोटं इतकं चांगलं सांगितलं की ती अजिबात घाबरत नाहीये! मस्त पिशवी भरतेय. म्हशींना सोमाच्या हाताने दूध उतरत नाही म्हणे, उद्या परवा जाते गावाला.

९ फेब्रुवारी

आज तीन वेळा पंखा पुसला. आईने विचारलं, "तुला झालंय काय?" बरी आहे म्हटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेजात आज मी पन्नाशीची दमेकरी बाई होते. एका पोरीने विचारलंच नाही की मी चुलीवर स्वयंपाक करते का. कार्डावर लिहिलेलं असतं: विचारल्याशिवाय सांगू नये. म्हणून मी सांगितलं नाही, ती नापास. रोज हेच. पेशंट अर्ध्या गोष्टी पोटात ठेवतो, विचारलं तरच बाहेर काढतो. आणि डॉक्टर विचारत नाही, कारण बाहेर रांग आहे.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना गाठलं. आत्याचं सगळं सांगितलं.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "रिपोर्ट पेशंटचा असतो. पुस्तकात तसंच आहे. आणि वॉर्डात जाऊन बघ, नातेवाईक दारातच अडवतात. 'डॉक्टर, जरा बाहेर या, त्यांना सांगू नका.' आम्ही जातो बाहेर. सोपं असतं ना. नातेवाइकाला सांगितलं की आपलं काम झालं. आम्हाला हे बोलायला कोणी शिकवलंच नव्हतं. सिनियर जसा बोलायचा तसं आम्ही बोलायचो. आणि सिनियर जाता जाता बोलायचा."

मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा ना तिला."

"मी तिची डॉक्टर नाही."

"मग मी सांगते."

"तू काय सांगशील? किती मोठी आहे, पुढे काय करायचं, माहितीये तुला? अर्धवट सांगशील आणि तिला एकटीला सोडशील. तिला विचार, तिला जाणून घ्यायचंय का. असेल तर ती तिच्या डॉक्टरला विचारेल. त्याला सांगावंच लागेल."

किती सोपं वाटतं यांना. "तुला जाणून घ्यायचंय का?" असं विचारलं तर आत्या म्हणणार, "काय जानून घ्याचा?" मग?

१३ फेब्रुवारी

आत्या गेली नाही अजून. आई म्हणाली, शिवरात्र करून जा, शंकराच्या देवळात जत्रा असते. आत्या थांबली. बाबांना वाटतं वेळ मिळाला. कसला वेळ? ती गाठ काय जत्रा बघायला थांबलीय?

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सांगितलं!

म्हणजे सांगितलं पण काहीच झालं नाही. याहून वाईट काय असतं?

देवळाची रांग लांबच्या लांब. आई पुढे, आत्या आणि मी मागे. आत्याच्या हातात बेल आणि दुधाचा तांब्या. मला राहवेना. कानात म्हटलं, "आत्या, ऐक. तुझी गाठ साधी नाहीये. कॅन्सर आहे. बाबा खोटं बोलतायत. ऑपरेशन आत्ताच करायला पाहिजे."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग एवढी हसली, एवढी हसली की तांब्यातलं दूध पुढच्या बाईच्या पाठीवर.

"चल गो, भवाने! म्हशीचा फोटो मी इसरले नाय!"

म्हशीचा फोटो. गेल्या वर्षी मी आवाज बदलून आत्याला फोन केला होता. म्हशीच्या कानाला सरकारी बिल्ला लावतात ना, त्यासाठी म्हशीचा पासपोर्ट फोटो लागेल म्हणून सांगितलं. समोरून, दोन्ही शिंगं दिसली पाहिजेत, डोळे मिटलेले चालणार नाहीत. आत्या म्हशीला आंघोळ घालून बदलापूरच्या फोटोवाल्याला गावात घेऊन गेली होती. अख्ख्या गावाने आठवडाभर हसून घेतलं. त्याआधी पण बरंच काही. मी मेल्याचा फोनसुद्धा करून झालाय एकदा.

आता खरं बोलले तर कोण ऐकतंय?

"आत्या, शंकराची शपथ."

"शंकराची तरी लाज धर," म्हणाली आणि पुढच्या बाईची पाठ पुसायला लागली.

१६ फेब्रुवारी

आत्या परवा संध्याकाळी जाणार. सोमादादा न्यायला येतोय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

यज्ञेशला सांगितलं. मला वाटलं तो काहीतरी डॉक्टरी शहाणपणा करेल. तो म्हणाला, "माझ्या आजोबांचं पण असंच केलं. आम्ही सगळे त्यांच्यासमोर हसायचो. त्यांना वाटायचं आम्हाला त्यांचं काही पडलेलंच नाही." मग शर्टाच्या बटणाशी खेळत बसला.

मी म्हटलं, "एक काम कर. मी आत्याला इथे आणते. तू तिला खुर्चीत बसव, कार्डावरचं बोल. तिला सांगू की नाटक आहे."

"पागल आहेस का तू? तिला खोटं खोटं खरं सांगू?" 

"मग?"

"मग नाही. नाही म्हणजे नाही."

बरोबरच होतं त्याचं. पण उद्या प्रॅक्टिसच्या वर्गात मागे कोणीही बसू शकतं. ऑफिसातली माणसं बसतात, कधी कोणाची आई येते. उद्या माझ्याकडे डायबिटीसच्या बाईचं कार्ड आहे. छातीत गाठ असलेल्या बाईचं कार्ड संध्याकडे आहे. संध्या म्हणजे दुसरी खोटी पेशंट, उल्हासनगरची. तिला गोड खायचं नाटक आवडतं.

आत्याला विचारलं, "माझं काम बघायला येतेस?"

"आजारी पडाचा पगार देतान तो ना? येतंय. बघू तरी कोन येडा हाय तो."

१८ फेब्रुवारी, बुधवार

संध्याने कार्ड बदलून दिलं.

आत्या मागच्या बाकावर, पोरांच्या शेजारी. पदर डोक्यावर, पिशवी मांडीवर. मी समोर खुर्चीत. यज्ञेश आला. आत्याला त्याने बघितलं, माझ्या हातातलं कार्ड बघितलं. त्याला कळलं. डोळ्यांनी मला शिवी दिली. पण आता मॅडम बसलेल्या, थांबणार कसा?

खुर्ची माझ्याजवळ ओढली. फोन बंद करून उलटा ठेवला. नाव सांगितलं. आणि "काळजी करू नका" म्हणाला नाही.

"आज तुमचा रिपोर्ट आलाय. त्याआधी विचारतो. तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?"

कार्डावर उत्तर होतं: काही नाही. मी म्हटलं, "साधी गाठ आहे म्हणाले. दुधाची."

तो म्हणाला, "काही जणांना सगळं ऐकायचं असतं. काहींना थोडंच. काही म्हणतात माझ्या मुलाला सांगा. तुम्हाला किती सांगू?"

आणि मला बोलताच येईना. मी! जी बेशुद्धसुद्धा न सांगता पडते. तो गप्प, मी गप्प. इतर पोरं असतात तेव्हा या जागी घाईघाईने काहीतरी बडबडतात. तो नाही बोलला. नुसता बसून राहिला, पण असा की जायची घाई नाही.

मागून आवाज आला, "अगो बोल ना! तो पोर तुला इचारतोय ना!"

सगळा वर्ग हसला.

"सगळं सांगा," मी म्हटलं.

"बातमी चांगली नाहीये. ती गाठ साधी नाही. तो कॅन्सर आहे."

एवढंच. आणि परत थांबला. मॅडम रोज घोकून घेतात ते. शब्द बोलला की थांबा, त्यानंतरचं पहिल्या मिनिटातलं पेशंटला काहीच ऐकू जात नाही. मला खरंच काही ऐकू गेलं नाही. मी रडले. खोटं नाही. नाकातून पाणी येतं तसं रडले. त्याने रुमाल पुढे केला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काय अॅक्टिंग! आत्याने वाजवल्या नाहीत.

परत येताना रिक्षात आत्याने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "पोर बरा हाय तो."

"हो."

"त्याना तुला इचारला, किती सांगू. मना कोनी इचारला नाय."

माझ्याकडे जोक नव्हता. एकपण नाही.

"शले, देवलात बोल्लीस ती मस्करी नव्हती ना?"

मी मान हलवली.

"तुझ्या बापाला म्हाईत हाय?"

मान.

"सोमाला?"

मान.

"म्हंजे मना सोरून समद्यांना." मग रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, थांबव हिथं. रस पिव." उसाचा रस. एक ग्लास प्याली, दुसरा मागितला, त्यात लिंबू जास्त पिळ म्हणाली. मी माझा तसाच धरून उभी. तिने तोपण घेतला.

संध्याकाळी सोमादादा न्यायला आला. आत्या म्हणाली, "मी येत नाय. तू जा म्हशी बघ. उद्या मना डाक्तरकडं जायाचा हाय."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उल्हासनगरला गेलो. बाबांना रात्रभर झोप नसावी, शर्ट उलटा घातला होता, दारात आईने सरळ करायला लावला. माझ्याशी एक शब्द नाही.

सर्जनने नेहमीसारखं म्हटलं, "आजी, तुम्ही बाहेर बसा जरा."

आत्या बसली. आतच, खुर्चीत. "आजी नाय मी. बावन्न वर्साची हाय. सांग मना काय हाय ता."

सर्जनने बाबांकडे बघितलं.

"त्याच्याकडं नको बघू डाक्तर. गाठ माझी हाय."

मी दारात उभी होते. सर्जन वाईट नव्हता. घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळाचा हात टेबलाखाली घेतला. सांगितलं सगळं. आत्याने विचारलं, लग्न होईपर्यंत थांबलं तर? त्याने कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. ही गाठ, हे काखेतले बारके दाणे, आधी तिथे जाते, मग पुढे. "समदा कापनार का थोरा?" तेपण विचारलं. बाबा उठून बाहेर गेले. मी मागोमाग जाऊन बघितलं तर भिंतीकडे तोंड करून उभे. बाबांना मी असं कधी बघितलं नव्हतं.

आत आत्या विचारत होती, "मंग कवा?"

"मंगळवारी करू."

"मंगलवारी माझा उपास असतो."

"चांगलंच की. ऑपरेशनला उपाशीच यायचं असतं."

आत्या हसली. सर्जनपण. मला वाटतं त्या केबिनमध्ये पेशंट बरेच दिवसांनी हसला असेल.

घरी येताना बाबा मला म्हणाले, "झालं तुझं समाधान?"

२० फेब्रुवारी

आज मॅडमनी बोलावलं. मला वाटलं शाबासकी.

"कार्ड बदललंस?"

"मॅडम, पण आत्या तयार झाली ऑपरेशनला!"

"मी काय विचारलं?"

"हो. बदललं."

"घरच्यांनी तिला न विचारता ठरवलं की तिला कळू द्यायचं नाही. तू तिला न विचारता ठरवलंस की आज, इथे, तीस पोरांच्या मध्ये बसून तिला कळलं पाहिजे. सांग मला फरक."

मी म्हटलं, "पण नाहीतर ती मेली असती."

"असेल. तुझे बाबापण हेच म्हणाले असणार."

तंतोतंत हेच म्हणाले होते. च्यायला.

"आठवडाभर येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "मग ये." यज्ञेशलापण बोलल्या, का थांबला नाहीस म्हणून. आणि मग त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. डॉक्टर लोकांचं काही कळत नाही.

२१ फेब्रुवारी

बसवत नाही, उभं राहवत नाही. गच्चीवर गेले, खाली आले. परत गेले. खालच्या काकूंच्या बेलवर बोट ठेवून पळायची इच्छा झाली, बोटपण ठेवलं, आणि दाबलंच नाही. म्हातारी झाले की काय मी?

२२ फेब्रुवारी, रविवार

सोमादादा आला. मुलीकडच्यांना काय सांगायचं यावर बाबा आणि तो परत स्वयंपाकघरात. दार लोटलेलं! बाबा म्हणत होते, "पडली म्हणून सांगू. हात फ्रॅक्चर. हळदीपर्यंत हात हलणार नाही असंच बोलू."

आत्याने दार पायाने ढकललं. "काढ रं सोमा फोन. लाव तुझ्या सासूला."

स्पीकरवर. आत्या ओरडूनच बोलते फोनवर, स्पीकर नसता तरी चाललं असतं. "इहीनबाय, माझा आपरेशन हाय मंगलवारी. छातीन गाठ हाय. कान्सर बोलतान त्याला. लगीन ठरल्या तारखेलाच. तुमच्या मनान काय असंल तं आताच बोला, मांडवान नको."

सोमादादाने डोळे मिटले. मग तिकडून रडण्याचा आवाज, आणि मग, "माझ्या भैनीला पन झालता, बाय. आमी कोनाला बोल्लो नाय. लपवूनच गेली ती."

दोघी अर्धा तास बोलत होत्या. औषधं, केस, टाके, काय खायचं. मग हळदीला मटण किती लागेल यावर भांडल्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या आत गेली. स्ट्रेचरवर झोपवलं तर उठून बसली, चालत जाते म्हणाली. दारात वळून बाबांना म्हणाली, "रं कैलास, सकालधरना काय खाल्लास का? जा, वरापाव खा."

बाबांनी खाल्ला नाही. मी दोन खाल्ले. आईने बघितलं माझ्याकडे. भूक लागली की मी घाबरलेली असते, हे तिला तरी कळायला हवं.

झालं. नीट झालं. शुद्धीवर आल्यावर नर्सला पहिला प्रश्न, "आज कुठला वार?"

२ मार्च

आत्या घरी. एक हात उचलत नाही, त्या हाताचा व्यायाम दाखवलाय. भिंतीवर बोटं चालवायची, रोज थोडी वर. तिने आमच्या भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्यात. आईच्या नवीन रंगावर! आई काही बोलत नाही.

काढलेली गाठ आणि काखेतले दाणे तपासायला पाठवलेत. कितपत पसरलंय ते त्यावरून कळेल. पुढे औषध कुठलं, किती, सगळं त्यावर. पुढच्या सोमवारी रिपोर्ट.

मी परत कामावर. आज मला साधी सर्दी होती. सगळे पास.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तर आईला सांगतात, मीठ माझ्यासमोर असलं तरी.

७ मार्च

आत्याने दोनदा विचारलं, सोमवारी किती वाजता निघायचं. घाबरलीय का विचारलं तर म्हणाली, "तू बोटा चालव भिंतीवर, मंग इचार."

९ मार्च, सोमवार

हॉस्पिटलात नंबर आला. बाबा फाईल घेऊन उठले. आत्याने हात पुढे केला, फाईल काढून घेतली. "तू बस. मी एकलीच जाईन."

दार बंद. बाकावर बाबा, सोमादादा, मी. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा तिचा आवाज आला, एकदा त्याचा.

बाहेर आली. फाईल पिशवीत. पिशवीचे बंद नीट बांधलेले. मी पोटासाठी चेहरे बघते, रोज बघते. तिच्या चेहऱ्यात मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

"ताय, काय बोलला?" बाबांनी विचारलं. तिने पदर सारखा केला. सोमादादाने विचारलं. ती बाकावर बसली.

बाबा माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांनी. "शलाका, तू विचार ना गं. तुला येतं ते."

मी आत्याच्या शेजारी बसले. "आत्या, तुला सांगायचंय का आम्हाला?"

तिने चांगल्या हाताने माझा हात धरला.

"आज नाय."